माळावरील शिल्पोद्यान

चित्रशाळा म्हटली कीं शहरांतील एखादी भव्य इमारत आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. कलेचें घर शहरांतच असावयाचें, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. नेदरलँड्समधील, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतों त्या देशांतील, ऑटर्लो या खेड्याजवळचें क्रोलर-म्यूलर संग्रहालय या समजुतीला अपवाद आहे. वाळूचे उंचवटे, माळरान आणि वनें यांच्या मध्यावर तें वसलेलें आहे, आणि त्याच्या उद्यानांत शिल्पें उघड्या आकाशाखालीं मांडलीं आहेत. तीं तेथें कां, आणि तीं पाहावीं कशीं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हेलेन क्रोलर-म्यूलर यांचा जन्म १८६९ सालीं जर्मनींत झाला. त्यांचे पति आंतोन क्रोलर हे मोठे डच व्यापारी होते. १९०७ च्या सुमारास बाईंनीं चित्रें जमविण्यास आरंभ केला. व्हिन्सेंट व्हॅन गॉगची थोरवी अद्याप सर्वमान्य झाली नव्हती, अशा काळीं त्यांनीं त्याचीं चित्रें एकामागून एक घेतलीं. आज त्या संग्रहांत त्याचीं जवळजवळ ९० रंगचित्रें व १८० वर रेखाचित्रें आहेत. पुढें व्यापाराला ओहोटी लागली आणि हा संग्रह फुटून दहा दिशांना जातो कीं काय, अशी वेळ आली. तेव्हां १९३५ सालीं तो डच राष्ट्राला अर्पण करण्यांत आला. त्यासाठीं संग्रहालय बांधावें, ही त्यामागील अट होती. १९३८ सालीं तें उघडलें, आणि १९३९ च्या अखेरीस बाई निवर्तल्या.

शिल्पोद्यान मात्र त्यांनीं पाहिलें नाहीं. संग्रहालयाचे संचालक हामाखर यांच्या कारकीर्दींत तें १९६१ सालीं खुलें झालें. आज त्याचा विस्तार २५ हेक्टर, म्हणजे सुमारें ६२ एकर असून त्यांत १६० हून अधिक शिल्पें आहेत.

शिल्पें बाहेर कां मांडावीं? चित्रांतील उजेड आणि सांवली चित्रकारानें रंगांतच कायमची बांधून ठेविलेली असते. शिल्पाला असा स्वतःचा उजेड नाहीं. तो त्याला बाहेरून मिळावा लागतो. दालनांत दिव्याचा प्रकाश दिवसभर सारखाच पडतो. बाहेर ऊन सरकतें. सकाळीं जो भाग उजळलेला असतो, तोच तिसऱ्या प्रहरीं काळवंडतो. आभाळ भरून आलें कीं कडा मवाळ होतात, आणि पाऊस पडून गेला कीं ब्राँझ चमकूं लागतें. मूर्ति तीच, पण तिचें रूप प्रहरागणिक निराळें.

या उद्यानांतील तीन कृति पाहा. मार्टा पॅन या शिल्पकर्तीचें पांढरेंशुभ्र शिल्प तळ्यांत तरंगत असतें आणि वारा येईल तसें संथपणें फिरतें. पाहणारा काठावर उभा राहतो आणि शिल्पच त्याला आपल्या सर्व बाजू दाखवितें. बार्बरा हेपवर्थ यांच्या चौकोनी आकारांच्या शिल्पाला दोन वाटोळीं भोंकें आहेत. त्यांतून पलीकडची झाडी आणि आकाश दिसतें. म्हणजे जेथें धातु नाहीं, ती पोकळीहि शिल्पाचाच भाग होते. फ्रेंच कलावंत दुबुफे यांचें १९७४ सालचें पांढरें, काळ्या रेघांनीं आंखलेलें शिल्प तर एवढें विस्तीर्ण आहे कीं, माणसें त्याच्या आंत शिरून त्यावरून चालतात.

आतां पाहण्याची रीत. देवळांत आपण प्रदक्षिणा घालतों. शिल्पालाहि तीच घालावी. प्रथम दुरून एकंदर आकार न्याहाळावा, मग सावकाश भोंवतीं फिरावें आणि जेथें नजर आपोआप थबकेल तेथें थांबावें. ‘हें काय आहे?’ असें विचारण्यापूर्वीं भार कोठें आहे, पोकळी कोठें आहे, उजेड कोठून येतो, एवढें पाहावें. परवानगी असल्यावांचून हात लावूं नये. हाताचा घाम व तेलकटपणा यांनीं धातूचा वर्ण बिघडतो. एका दिवसांत सर्वच पाहण्याची घाई न करितां दहा शिल्पें नीट पाहावीं.

हें सर्व फार दूरचें वाटेल. पण ज्या १९३८ सालीं ऑटर्लोचें संग्रहालय उघडलें, त्याच सालीं सातारा जिल्ह्यांतील औंध गांवीं, यमाईच्या डोंगरावर, भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपला संग्रह लोकांना पाहतां यावा म्हणून श्रीभवानी संग्रहालय उघडलें. तेथें राजा रविवर्मा यांचीं चित्रें आहेत, आणि विख्यात इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचें माता व बालक यांचें पाषाणशिल्पहि आहे. तें पाहण्यास हॉलंडला जावें लागत नाहीं. एखाद्या सुटींत मुलांना घेऊन जावें आणि त्या शिल्पाभोंवतीं त्यांना सावकाश फिरूं द्यावें. संग्रह दान करणें हें धनवंतांचें काम. तो डोळे भरून पाहणें एवढेंच आपल्याकडे उरतें, आणि तेवढें आपण केलें नाहीं तर तें दान व्यर्थ जातें.