छापील किंमत, फळीवरची किंमत आणि बिलातली किंमत

ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या इमारतीतील एक मावशी मीरा रोडच्या एका सुपर मार्केटचे बिल घेऊन माझ्याकडे आल्या. मी बँकेत कारकून असल्यामुळे आकड्यांचा कोणताही कागद शेवटी माझ्याकडेच येतो. शाम्पूच्या दोन बाटल्या होत्या. फळीवरच्या चिठ्ठीवर किंमत १६० रुपये, बिलात मात्र १८० लागले. म्हणजे चाळीस रुपयांचा फरक. "तिथेच का नाही विचारलंत?" असे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मागं रांग होती ना भाऊ. चाळीस रुपयांसाठी भांडते म्हणतील."

हा संकोच आपल्या लोकांना नवा नाही. मावशींच्या आईच्या काळी गावचा दुकानदार पुडी लांबून टाकी आणि पैसे उंबऱ्याबाहेर ठेवायला लावी. भाव विचारण्याची सोयच नव्हती. सुपर मार्केटात जात कोणी विचारत नाही, माल आपण आपल्या हाताने उचलतो आणि किंमत सर्वांना एकच, ही लहान गोष्ट नाही. तथापि ती किंमत बरोबर लागली की नाही, हे पाहण्याचे काम आता आपल्यावर आले आहे.

पुष्कळांचा असा समज असतो की पाकिटावरच्या काळ्या रेघांत, म्हणजे बारकोडात, किंमत असते. तसे नाही. त्यात केवळ वस्तूचा क्रमांक असतो. यंत्र तो क्रमांक वाचते आणि दुकानाच्या संगणकात त्यापुढे जी किंमत लिहिलेली असेल ती बिलात येते. फळीवरची चिठ्ठी एक माणूस बदलतो, संगणकातील नोंद दुसरा. रविवारी रात्री सवलत संपते, चिठ्ठी सोमवारी दुपारपर्यंत तशीच राहते. एकाच क्रमांकाचा जुन्या आणि नव्या किमतीचा माल एकाच फळीवर असतो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा हा घोळ वाढणे साहजिकच होते. १८० मधला जुना कर काढून नवा धरला की साधारण १६० येतात. मावशींच्या दुकानात चिठ्ठी बदलली, संगणक राहिला.

म्हणून प्रत्येक चूक ही लबाडी नव्हे. परंतु चूक कळल्यावरही ती तशीच ठेवली तर तिला दुसरे नाव द्यावे लागेल. कायदा याबाबत स्पष्ट आहे. छापील किंमत सर्व करांसहित असते आणि दुकानदाराला तिच्यापेक्षा एक पैसाही जास्त घेता येत नाही. थंड बाटलीवर 'कूलिंग'चे दोन रुपये घेणारे दुकानदार नेमके हेच मोडतात. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने, वेष्टनावर किंवा दुकानदाराने लावलेल्या दरपत्रकात दाखवलेल्या किमतीपेक्षा जास्त आकारणे हे तक्रारीचे कारण मानले आहे. बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. आपल्याला ठाण्याचा जिल्हा आयोग लागतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. विद्यार्थ्यांनी हे घरी वाचून दाखवावे.

आता दुसरी बाजू, जी आपण कमी बोलतो. एकदा ट्रॉलीच्या तळाशी राहिलेला पाच लिटर तेलाचा डबा माझ्या बिलात आलाच नाही. घरी आल्यावर लक्षात आले. खोटे कशाला बोलू, पहिला विचार परत न जाण्याचाच आला. एवढ्या मोठ्या दुकानाला काय फरक पडतो? पण बँकेत रोकड कमी भरली की रोखपालाला पदरचे भरावे लागतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. काउंटरवरची मुलगी आपल्याच वस्तीतली असते. तिने चुकून जास्त सुटे पैसे दिले तर तूट तिच्या गल्ल्यात दिसते. डबा सुटला तर ती साठ्यात दिसते आणि जाब कोणाला तरी द्यावाच लागतो. दुसरे शील आपण दर पौर्णिमेला घेतो. जे दिलेले नाही ते घेणार नाही, असे त्यात आहे. दुकान मोठे असेल तर चालेल, असे नाही. मी डबा घेऊन परत गेलो.

जातक कथांत सेरिवाणिज जातक आहे. काजळलेले सोन्याचे ताट एक म्हातारी विकायला काढते. लोभी फेरीवाला सुईने ओरखडा काढून सोने ओळखतो आणि अर्ध्या माशाचीही किंमत नाही म्हणून ते फेकून जातो. दुसरा मात्र खरी किंमत सांगतो आणि जवळ होते नव्हते ते देतो. त्या आजीबाईला किंमत ठाऊक नव्हती, म्हणून ती सांगण्याची जबाबदारी ज्याला ठाऊक होती त्याची. संगणकासमोर बसलेल्या दुकानाची गोष्ट याहून वेगळी नाही.

मावशींना घेऊन मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. व्यवस्थापकाने फळी पाहिली, चाळीस रुपये परत केले, संगणकातील नोंदही समोर दुरुस्त केली. वागणे सभ्य होते. मी विचारले, "आधी ज्यांनी याच बाटल्या नेल्या, त्यांचे काय?" तो म्हणाला, "जे बिल घेऊन येतील त्यांना देऊ." पण येतील कसे, त्यांना माहीतच नाही. दाराशी एक फलक लावता येईल, असे मी सुचवले. त्याने मान हलवली. पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा दाराशी तेलाच्या सवलतीचाच फलक होता.