सायलेन्सर बदलायचाय? मागच्या सीटवर बसून ऐका

आज विषय जरा वेगळा आहे, पण आपल्या पैशाचा आणि डोक्याचा आहे. आता कितीतरी घरांत जुनी का होईना, चारचाकी आली आहे. गटाचा मसाला, डाळ, पापड प्रदर्शनाला न्यायचे तर आपण तीच गाडी सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या गाडीचा सायलेन्सर गंजून गळाला. गॅरेजवाल्याने दुसरा बसवला, "याने ॲव्हरेज वाढतं" म्हणाला. उभ्या गाडीत आवाज चांगला वाटला. दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जणी लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला निघालो. गाडी सत्तरच्या पुढे गेली आणि आत घुमायला लागलं. बोललेलं ऐकू येईना. लोह्याला चहाला उतरलो तरी कान गुणगुणत होते. शेवटी ताईंना तो काढून पुन्हा दुसरा घ्यावा लागला. एका कामाचे दोनदा पैसे गेले.

असं का होतं? रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलून बघा. एक ठरावीक सूर लागला की अख्खा रांजण घुमतो, बाकीच्या सुरांना घुमत नाही. काचा बंद केलेली गाडी म्हणजे मोठा रांजणच. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 2400 फेरे फिरत असेल, तर सायलेन्सरच्या नळीत सेकंदाला 80 धक्के येतात. त्यातून जाड, खोल आवाज निघतो. तो गाडीच्या आतल्या पोकळीशी जुळला की घुमणं सुरू. म्हणून ते एका ठरावीक वेगालाच जास्त होतं, पुढे-मागे कमी होतं.

कंपनीच्या सायलेन्सरमध्ये आत कप्पे आणि नळ्या असतात. आवाज त्यात आपटून, फिरून कमी होतो. बाजारात सरळ नळीचेही सायलेन्सर मिळतात. त्यात भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती काचलोकर असते. काचलोकर बारीक, कर्कश आवाज शोषते, पण जाड आवाज तिला फारसा जुमानत नाही. आणि घुमतो तो जाडच.

म्हणून नवा घेण्याआधी जुन्याचं नेमकं काय बिघडलंय ते बघायला सांगा. पुष्कळदा सायलेन्सर टांगलेले रबर तुटलेले असतात, नळी गाडीच्या तळाला टेकते, आणि तोच थरथराट आत येतो. रबर बदलले की काम भागतं. जोडावरचं गॅस्केट गेलं असेल तर तेवढंच बदलता येतं.

बदलायचाच असेल, तर या गोष्टी विचारा. आपल्याच मॉडेलसाठी बनवलेला, कप्प्यांचा आहे का? नळीची जाडी पहिल्याइतकीच आहे का? मधला छोटा सायलेन्सर आहे तसाच राहणार ना? काही जण तो काढून सरळ नळी जोडतात आणि घुमणं तिथूनच सुरू होतं. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर काढूच देऊ नका. परत करायची अट बिलावर लिहून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गॅरेजात उभ्या गाडीला ॲक्सिलरेटर देऊन आवाज ठरवू नका. घुमणं कळतं ते गाडीवर भार पडल्यावर. चार माणसं बसवा, काचा लावा, पंखा आणि गाणी बंद करा. मोठ्या रस्त्यावर साठ, सत्तर, ऐंशीच्या वेगाने थोडा थोडा वेळ चालवायला सांगा. चढावरही न्या. तुम्ही मागच्या सीटवर बसा आणि हळू आवाजात शेजारणीशी बोला. बोलणं सहज ऐकू आलं, तर सायलेन्सर बरोबर आहे. मोबाइलवरच्या आकड्यावर विसंबू नका, आवाज मोजायची बहुतेक ॲप जाड आवाज कमीच दाखवतात.

पोरांना फटफट आवाजाची हौस असते. त्यांना सांगा, आवाजाचा आणि धुराचा नियम मोडला तर मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीपासून 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, शिवाय लायसन्स तीन महिने बाद होऊ शकतं. बदललेले सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण पेपरात पाहिलेच आहेत.

एक धोका मात्र वेगळा ओळखा. काही न बदलता आवाज अचानक वाढला आणि गाडीत बसल्यावर डोकं दुखतं, मळमळतं, तर नळीला भोक पडलेलं असू शकतं. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो जीव घेतो. लगेच काचा उघडा, गाडी थांबवून बाहेर या. दुरुस्त होईपर्यंत त्या गाडीत लेकरं बसवू नका. सामान जास्त झालं म्हणून मागचं दार उघडं ठेवून गाडी चालवू नका, धूर आत ओढला जातो.

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो. सायलेन्सरचे पैसे देण्याआधीही एक चक्कर मारून या. गाडी चालवणारा म्हणेल, "काय होतंय तेवढ्याने?" त्याला म्हणावं, मागे आम्ही बसतो.