मिस्त्रीच्या हातात पाना आहे, माहितीही हवी

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर मी नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. आज ट्रॅक्टरविषयी लिहिणार आहे. कारण ऊस कितीही उत्तम पिकवला, तरी तो वेळेवर गव्हाणीत पडला नाही, तर सगळे मुसळ केरात.

गेल्या हंगामात एका फडावर गेलो असता भरलेल्या दोन ट्रॉल्यांपुढे नवाकोरा ट्रॅक्टर बंद पडलेला दिसला. गावचा मिस्त्री शेजारी बसून होता. पंचवीस वर्षे इंजिने उघडलेला माणूस! मी विचारले, तर म्हणाला, "साहेब, बिघाड सापडला, नवा इंजेक्टरही बसवला. पण त्याचा नंबर इंजिनाच्या कॉम्प्युटरात भरायला कंपनीचा लॅपटॉप लागतो. तो आपल्याला कोण देणार?" कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. ट्रॉल्या दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून आणल्या, पण फडात तोडलेला ऊस तसाच पडून राहिला आणि टोळी बसून राहिली. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा, हे आपण जाणताच. पुढे वजन घटते, साखरेचे विघटन होते आणि उताराही पडतो. म्हणजे नुकसान त्या सभासदाचे आणि कारखान्याचेही.

हे असे का झाले, ते समजून घेऊ. जुन्या इंजिनात डिझेल पंप व नोझल यांचे काम यांत्रिक होते. मिस्त्री आवाजावरून आणि धुरावरून दोष ओळखायचा. आता धूर कमी करण्यासाठी नियम कडक झाले. ट्रकना १ एप्रिल २०२० पासून 'बीएस-६' आणि ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून 'ट्रेम-४' लागू झाले. त्यामुळे या इंजिनांत सेन्सर आले आणि डिझेल किती व केव्हा सोडायचे हे छोटा कॉम्प्युटर ठरवू लागला. बिघाड झाला की तो एक कोड नोंदवतो. साध्या स्कॅनरवर काही कोड वाचता येतात, पण दुरुस्तीनंतरची जुळणी पुष्कळदा कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय होत नाही. मिस्त्रीचे कसब कमी पडले असे नव्हे. अडते ती माहिती.

हा प्रश्न मोटारींच्या बाबतीत आधीच गाजला आहे. सुटे भाग, तपासणीची साधने आणि माहितीपुस्तके बाहेरच्या गॅरेजना मिळत नाहीत, या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड केला. कंपन्या अपिलात गेल्या, तो भाग निराळा. पण आयोगाने दाखवलेली दिशा ध्यानात घ्यावी. भाग व साधने बाहेरच्यांनाही मिळावीत, मिस्त्रींना प्रशिक्षण द्यावे, ते पैसे घेऊन दिले तरी चालेल. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. चुकीच्या दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारावी.

हा आदेश मोटारींचा होता, ट्रॅक्टरचा नव्हे. परंतु जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, तेव्हा पहिल्या चार क्षेत्रांत शेती अवजारेही घेतली. त्याच वर्षी डिसेंबरात यासाठी पोर्टलही सुरू झाले. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती यंत्रांसाठी कायदाच केला. भाग, साधने, सॉफ्टवेअर व माहिती शेतकऱ्याला आणि स्वतंत्र मिस्त्रीला द्यावी, असे बंधन १ जानेवारी २०२४ पासून तेथे कंपन्यांवर आले. तिकडचा शेतकरीही आपल्यासारखाच फडात अडकत होता, म्हणून तर कायदा झाला!

कंपन्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. अर्धवट माहितीवर हात घातला तर यंत्र बिघडते, अपघातही होतो. धुराच्या यंत्रणेत फेरफार करणे तर बेकायदाच. पण यावर उपाय म्हणून मिस्त्रीला शिकवावे, माहितीला कुलूप लावू नये.

तेव्हा सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात:

१. ट्रॅक्टर घेण्यापूर्वी विचारावे, जवळचे दुरुस्ती केंद्र किती अंतरावर आहे, हंगामात माणूस किती तासांत येईल आणि बाहेरच्या मिस्त्रीला कोणती साधने मिळतील. उत्तर लेखी घ्यावे.

२. वॉरंटीचा कागद सही करण्याआधी वाचावा किंवा मुलाकडून वाचून घ्यावा.

३. बिघाडाचा कोड, तारीख व चालू तास वहीत लिहावेत. मिस्त्रीकडून भाग व मजुरीची पावती घ्यावी.

४. अडवणूक झाल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी.

शिकू इच्छिणाऱ्या मिस्त्रींची नावे आपापल्या गट कार्यालयात द्यावीत. गाळप सुरू होण्यापूर्वी त्यांच्यासाठी प्रशिक्षण वर्ग आणि एक सामाईक स्कॅनर घ्यावा, असा प्रस्ताव मी संचालक मंडळापुढे ठेवणार आहे. यादी मोठी असली तर माझ्या बोलण्याला वजन येईल. रात्री-अपरात्री हाक मारली की फडात धावून येणारा माणूस टिकला पाहिजे.

आपला,
ऊस विकास अधिकारी