पगारातील एक दिवस

सन २०२४ च्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभी अतिवृष्टीने तेलंगणात हाहाकार उडविला. खम्मम शहरात मुन्नेरू नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. त्या वेळी सिंगरेणी कोळसा कंपनीतील अधिकारी व कामगार यांनी आपले एका दिवसाचे मूळ वेतन मुख्यमंत्री साहाय्यनिधीस दिले. ती रक्कम दहा कोटी रुपयांच्या वर गेली. कंपनीत माणसे सुमारे ४० हजार. गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा. दर माणशी अडीच हजारांच्या आसपास आकडा येईल.

ही कंपनी आपल्याला परकी नाही. २०१६ साली जिल्ह्याचे विभाजन होण्यापूर्वी बेल्लमपल्ली, मंदमर्री, श्रीरामपूर येथील खाणी आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होत्या. आज त्या मंचेरियाल जिल्ह्यात आहेत. कंपनीची ५१ टक्के मालकी तेलंगण राज्याकडे व ४९ टक्के केंद्राकडे आहे. अशा मोठ्या उद्योगात दानधर्म कसा चालतो, हे थोडे समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण त्यात दोन निराळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते.

पहिली गोष्ट कंपनीच्या पैशाची. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. त्यानुसार ठरावीक मर्यादेपलीकडील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयाचे असतात. केवळ आपल्याच नोकरांच्या सोयीसाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही. हे कर्तव्य होय. त्याला दान म्हणणे आम्हांस फारसे पटत नाही.

दुसरी गोष्ट कामगाराच्या स्वतःच्या पैशाची व वेळेची. येथे कायदा सांगत नाही, मन सांगते; आणि म्हणूनच येथे मालकाने फार जपून पाऊल टाकावे लागते. केरळात २०१८ च्या महापुरानंतर सरकारने आपल्या नोकरांना एका महिन्याचे वेतन देण्याचे आवाहन केले. हेतू उत्तम होता. परंतु ज्यांना देणे शक्य नाही त्यांनी तसे लिहून द्यावे, अशी अट त्यात होती. प्रकरण न्यायालयात गेले. 'मी देऊ शकत नाही' असे लिहून देण्याची मानहानी कोणी का सोसावी, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने विचारला व २९ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारचे म्हणणे फेटाळले. ज्याच्या घरी आजारपण आहे, कर्जाचा हप्ता आहे, त्याचे 'नाही' हे गुप्त राहिले पाहिजे. ज्यास द्यावयाचे आहे त्याने होकार लिहून द्यावा. न देणाऱ्यास काहीच लिहावे लागू नये. वर्गात पूरनिधी जमविताना देणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिली जातात, तेव्हा शेवटच्या बाकावरील मुलाला काय वाटत असेल, याचाही ह्या निमित्ताने विचार व्हावा.

मग उत्तेजन द्यावे तरी कसे? एक जुनी युक्ती अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९५४ साली काढली. नोकराने आपल्या महाविद्यालयास जेवढी देणगी द्यावी, तेवढीच भर कंपनीने घालावी. यात निवड नोकराची राहते, हे महत्त्वाचे. आमच्या कोकणपट्टीतील चाकरमानी मुंबईच्या गिरण्यांत राबत असताना गावच्या शाळेसाठी, देवळासाठी वर्गणी काढीत. त्यांना कोणी परिपत्रक धाडले नव्हते. पैसा कोणत्या छपरावर जाणार हे त्यांना ठाऊक होते, एवढेच.

वेळेचे दान त्याहून अवघड. टाटा उद्योगसमूहाने २०१४ साली 'टाटा एंगेज' नावाचा उपक्रम सुरू केला व त्यात नोकरांबरोबर त्यांचे कुटुंबीय आणि निवृत्त मंडळी यांनाही घेतले. केंद्र शासनाने मात्र स्पष्ट केले आहे की, नोकरांनी दिलेल्या अशा सेवेचे पैशांत मोल करून ते दोन टक्क्यांच्या खर्चात दाखविता येणार नाही. आम्हांस हा नियम योग्य वाटतो. तास मोजून हिशेबात धरू लागले की, झाडे लावतानाची छायाचित्रे वाढतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी घालावयास कोणी येत नाही. वर्षातून एकदा शंभर माणसे येण्यापेक्षा दर पंधरवड्यास दोन आली तर काम टिकते. आणि माणूस आपल्या हातची विद्या घेऊन आला तर अधिकच. खाणीतील सर्वेक्षक त्रिकोणमितीचा उपयोग कसा करतो, हे त्याने स्वतः येऊन दहावीच्या वर्गास दाखविले, तर त्यासाठी कंपनीस कोटी रुपये लागत नाहीत. एक मोकळा शनिवार लागतो, बसचे भाडे लागते, आणि आपल्या मुलांना समजेल अशी मराठी किंवा सोपी तेलुगू बोलण्याची तयारी लागते.