घर हलवण्यापूर्वी घर हलकं करा



अमेरिकेत आल्यापासून आम्ही दोनदा राज्य बदललं. २०१७ साली डॅलसहून न्यू जर्सीला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीहून नॉर्थ कॅरोलिनाला. पहिल्या खेपेस आम्ही घरातली काडी न् काडी उचलून नेली. दुसऱ्या खेपेस जवळजवळ निम्मं सामान काढून टाकलं. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर, सामान हलवण्याचा तज्ज्ञ नव्हे. पण दोन्ही वेळा ठेचा खाल्ल्या आणि दुसऱ्या वेळची ठेच चांगलीच जिव्हारी लागली. आपल्या मंडळातली दोन-चार कुटुंबं दर उन्हाळ्यात नोकरीपायी कुठे ना कुठे हलतातच. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

वजनाचा हिशेब

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सामान नेताना मूव्हर्सचं बिल मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: वजन आणि अंतर. २०१७ मध्ये आम्ही फोनवरच अंदाज घेतला. "टू बेडरूम अपार्टमेंट आहे, फारसं काही नाही," असं मीच सांगितलं होतं. अंदाज आला ३,४०० डॉलरचा. ट्रक काट्यावर चढला तेव्हा बिल झालं ४,७०० डॉलर. वजन कशाचं होतं? इंजिनियरिंगची पुस्तकं, सौ.च्या आजीचा पाटा-वरवंटा, एअरलाईनचे टॅग अजून लटकत असलेल्या सहा रिकाम्या बॅगा आणि "कधीतरी लागेल" म्हणून जपलेले दही-आइस्क्रीमचे डबे!

तेव्हा नियम माहीत नव्हते, ते नंतर वाचले. एस्टिमेट दोन प्रकारचं असतं. 'नॉन-बाइंडिंग' म्हणजे नुसता अंदाज. खरं बिल वजनाप्रमाणे होतं. मात्र सामान उतरवताना कंपनी अंदाजाच्या ११० टक्क्यांहून जास्त रक्कम मागू शकत नाही. उरलेलं बिल तिने किमान तीस दिवसांनी पाठवायचं असतं. म्हणून आम्ही दारात ३,७४० भरले आणि उरलेल्या ९६० डॉलरचं बिल महिन्याने टपालाने आलं. 'बाइंडिंग' एस्टिमेटमध्ये यादीतल्या सामानाचे पैसे ठरलेले असतात. यादीबाहेरची खोकी वाढली तर त्यांचे वेगळे पडतात.

यातून निघणारा मुद्दा साधा आहे, पण बहुतेक जण नेमका उलटा क्रम करतात. आधी सामान कमी करा, मग एस्टिमेटला माणूस बोलवा. त्याने घरी येऊन, निदान व्हिडिओवर तरी, प्रत्यक्ष सामान पाहिलंच पाहिजे. गराज आणि क्लॉझेटसुद्धा उघडून दाखवा. एस्टिमेट लेखी घ्या. काट्यावर वजन करताना हजर राहण्याचा आणि सामान उतरवण्याआधी पुन्हा वजन करून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

विम्याचंही सांगतो. फुकट मिळणारं जे संरक्षण असतं, त्यात नुकसानभरपाई वजनावर मिळते, पौंडाला ६० सेंट या दराने. पाच पौंडांचा लॅपटॉप फुटला तर तीन डॉलर! 'फुल व्हॅल्यू' संरक्षणाला वेगळे पैसे पडतात, पण सामान कमी आणि मोलाचं असेल तर ते घेणं परवडतं.

औषधांचा डबा सर्वांत आधी

आता ती दुसरी ठेच. २०२२ मध्ये आई-बाबा सहा महिने आमच्याकडे होते. येताना सहा महिन्यांची औषधं घेऊन आले आणि जाताना उरलेली इथेच ठेवून गेले, "पुढच्या वेळी होतील" म्हणून. ती पिशवी क्लॉझेटच्या वरच्या फळीवर होती. आमच्या ती ध्यानातही नव्हती.

हलण्याच्या आठवड्यात सौ.ने फळी रिकामी केली आणि सगळं जमिनीवर ठेवून ती दार उघडायला गेली. पाच मिनिटांनी आमचा दोन वर्षांचा धाकटा बाबांच्या मधुमेहाच्या गोळ्यांची स्ट्रिप हातात घेऊन बसलेला दिसला. एक खण फाटलेला, गोळी गायब. तोंडात काही दिसेना. त्याला विचारलं तर तो नुसता हसला.

आम्ही पॉयझन कंट्रोलला फोन केला. त्यांनी गोळीचं नाव विचारलं. ग्लिमेपिराइड म्हटल्याबरोबर, वाट न पाहता थेट इमर्जन्सीत न्यायला सांगितलं. या जातीच्या गोळीने रक्तातली साखर उतरते. लहान मुलाला एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते आणि परिणाम कित्येक तासांनी दिसू शकतो, हे मला त्या रात्री कळलं. पोरगं दर तासाला बोट टोचून घेत रात्रभर हॉस्पिटलमध्ये राहिलं. मोठी शेजाऱ्यांकडे झोपली. साखर काही उतरली नाही. तिसऱ्या दिवशी मूव्हर्सनी सोफा उचलला, तेव्हा गोळी त्याच्या खाली सापडली. आम्ही दोघं तिथेच खाली बसलो.

म्हणून आवराआवरीची सुरुवात औषधांपासून करा, आणि तीही मुलं घरात नसताना किंवा झोपल्यावर. पुष्कळशा फार्मसींत आणि पोलीस ठाण्यांत जुनी औषधं टाकायच्या पेट्या असतात. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये औषधं परत घेण्याचा राष्ट्रीय दिवसही असतो. ते जमत नसेल तर गोळ्या वेष्टनातून काढा, वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळा, पिशवी घट्ट बंद करून कचऱ्यात टाका. काही तीव्र वेदनाशामक औषधांसाठी मात्र वेगळी सूचना असते, ती फार्मासिस्टला विचारा. पॉयझन कंट्रोलचा नंबर १-८००-२२२-१२२२. फुकट आहे, चोवीस तास चालतो. आजच फ्रिजवर लावा.

स्वयंपाकघर आणि मुलांच्या वस्तू

आपल्या स्वयंपाकघरात भावना फार. पुरणयंत्र, मोदकपात्र, खलबत्ता हे इथे सहज मिळत नाहीत, ते न्याच. पण तीन कुकर आणि झाकण हरवलेले अकरा डबे नेण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट तब्येतीसाठी तपासा. २०२५ मध्ये इथल्या एफडीएने इशारा दिला की, परदेशातून आलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळी आणि हिंडालियमच्या भांड्यांतून अन्नात शिसं उतरू शकतं. शिशाचा सर्वांत जास्त धोका लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना. असं भांडं कुणाला देऊन टाकू नका, म्हणजे आपली पीडा दुसऱ्याच्या गळ्यात नको. स्वयंपाकातून ते बादच करा. आजीची पितळी परात शोभेला ठेवा हवी तर.

मुलांच्या कार-सीटवर मुदतीची तारीख छापलेली असते. ती उलटली असेल, किंवा सीट अपघातातून गेलेली असेल, तर कुणाला देऊ नका. एक बाजू खाली सरकणाऱ्या जुन्या पाळण्यांच्या विक्रीवर २०११ पासून बंदी आहे, तेही पुढे देऊ नयेत.

रंगाचे डबे, प्रोपेनच्या टाक्या, ब्लीच, स्प्रे या गोष्टी मूव्हर्स घेतच नाहीत. त्यांच्यासाठी काउंटीचा घातक कचरा गोळा करण्याचा दिवस असतो. तो वर्षातून मोजकेच वेळा येतो, म्हणून तारीख आधी पाहा.

कागद: काय टाकायचं, काय नाही

इथे मी उलटी चूक केली. २०१७ मध्ये घाईघाईत "जुने कागद" म्हणून एक खोकं रद्दीत दिलं. त्यात माझ्या पुण्याच्या कॉलेजच्या मार्कशीट होत्या! दुय्यम प्रती काढायला बाबांना विद्यापीठात पाच खेपा घालाव्या लागल्या.

पुढील कागद कधीच टाकू नयेत: जुने-नवे पासपोर्ट (नागरिकत्वाच्या अर्जात प्रवासाच्या तारखा लागतात), आय-७९७, आय-२० आणि आय-९४, जन्माचे आणि लग्नाचे दाखले, पदव्या आणि मार्कशीट, मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी, भारतातल्या घराची आणि वारसाहक्काची कागदपत्रं. हे सगळं एका बॅगेत घालून स्वतःच्या गाडीत न्यावं. ट्रकमध्ये कदापि नाही.

टॅक्सचे कागद साधारणपणे तीन वर्षं ठेवावेत. उत्पन्न बरंच कमी दाखवलं गेलं असेल तर आयआरएस सहा वर्षांपर्यंत मागे जाऊ शकते, म्हणून मी सात वर्षांचे ठेवतो. भारतातल्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरहून जास्त असतील तर एफबार भरावा लागतो, त्याच्या नोंदी पाच वर्षं ठेवाव्या लागतात. घरखरेदीचे आणि दुरुस्तीचे कागद घर विकल्यानंतरही किमान तीन वर्षं हवेत. बाकीचे श्रेडरमध्ये.

जे अजून नागरिक नाहीत, त्यांनी हलल्यापासून दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला नवा पत्ता कळवायचा असतो. आवराआवरीच्या गडबडीत हे हमखास राहतं.

दान आणि टॅक्स

"सामान दान करू, टॅक्समध्ये सूट मिळेल," असं आपण सगळेच म्हणतो. पण वस्तूंच्या दानाची सूट 'आयटमाइझ' करणाऱ्यांनाच मिळते. २०२५ या करवर्षासाठी जोडप्याची स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० डॉलर आहे, त्यामुळे बहुतेकांना आयटमाइझ करण्यात फायदा नसतो. २०२६ पासून आयटमाइझ न करणाऱ्यांनाही थोडी सूट सुरू झाली आहे, पण ती रोख दानाला, जुन्या सोफ्याला नव्हे. ज्यांना फायदा आहे त्यांनी पावती घ्यावी, वस्तूंचे फोटो काढावेत. दान ५०० डॉलरच्या वर गेलं तर फॉर्म ८२८३ लागतो.

घर हलवण्याच्या खर्चाची केंद्रीय टॅक्समधली सूट २०१८ पासून बंद झाली आणि २०२५ च्या कायद्याने, सैन्यदल आणि काही गुप्तचर खात्यांतले लोक सोडता, कायमची गेली. कंपनीने दिलेला मूव्हिंग भत्ताही पगारासारखा करपात्र आहे. १०,००० मिळणार म्हणजे हातात १०,००० येणार नाहीत हे धरून चाला.

आम्ही मग टॅक्सचा विचार सोडला आणि गाद्या, टेबल, भांडी असं बरंचसं सामान नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांना दिलं. चौघं मुलं व्हॅन घेऊन आली. सौ.ने त्यांना पोहे खाऊ घातले. मी २०१२ साली एमएसला आलो तेव्हा माझी पहिली गादी अशीच एका मराठी कुटुंबाकडून मिळाली होती.

आमचं वेळापत्रक

आठ आठवडे आधी: औषधं, घातक कचरा, कागद.
सहा आठवडे: गराज, बेसमेंट आणि मागच्या वेळेपासून न उघडलेली खोकी. आमची तशी नऊ निघाली.
पाच आठवडे: कपडे, पुस्तकं, खेळणी. खेळणी मुलांना विचारून. मोठीने स्वतःहून दोन खोकी काढली, पण तिची फाटकी बाहुली मात्र टाकू दिली नाही.
चार आठवडे: आता एस्टिमेट, निदान तीन ठिकाणांहून. उन्हाळ्यात जायचं असेल तर हे सगळंच महिनाभर आधी.
दोन आठवडे: स्वयंपाकघर. डाळी, पीठ, मसाले संपवत आणा.

२०२४ मध्ये आम्ही अंदाजाच्या आतच राहिलो. पाटा-वरवंटा मात्र या वेळीही आला. त्यावर चर्चा झाली नाही, कारण सौ.ने ती होऊ दिली नाही.

या उन्हाळ्यात कुणी हलणार असेल तर मंडळाच्या कार्यक्रमात मला जरूर गाठा. माझी सामानाची यादी आणि दोन डझन रिकामी खोकी देईन. घरी आई-बाबा येऊन गेले असतील तर आज रात्री ती वरची फळी एकदा तपासा, हलणार असा वा नसा.