एसटीएम३२ न्यूक्लिओ-६४

एसटीएम३२ न्यूक्लिओ-६४ ही एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या कंपनीच्या मायक्रोकंट्रोलर मूल्यमापन बोर्डांची एक मालिका आहे. एखादा मायक्रोकंट्रोलर स्वतःच्या उपकरणात वापरण्यापूर्वी त्याची पारख करता यावी, यासाठी उत्पादकाने स्वतःच तयार करून दिलेल्या बोर्डास मूल्यमापन बोर्ड म्हणतात. मूळ चिप, तिला लागणारा वीजपुरवठा, प्रोग्राम भरण्याची सोय आणि चिपच्या पिनांपर्यंत पोहोचण्यासाठी जोडपट्ट्या या गोष्टी त्यावर एकत्र असतात. नावातील ६४ हा आकडा चिपच्या पिनांची संख्या दर्शवतो. याच कुटुंबात न्यूक्लिओ-३२ आणि न्यूक्लिओ-१४४ या मालिकाही आहेत.

पार्श्वभूमी

इटलीतील एसजीएस मायक्रोएलेत्रोनिका आणि फ्रान्समधील थॉमसन सेमीकंडक्टर्स यांच्या विलीनीकरणातून १९८७ मध्ये ही कंपनी अस्तित्वात आली. आर्म कंपनीच्या कॉर्टेक्स-एम गाभ्यावर आधारलेले एसटीएम३२ हे ३२-बिट मायक्रोकंट्रोलरचे कुटुंब तिने २००७ मध्ये बाजारात आणले. न्यूक्लिओ बोर्ड २०१४ मध्ये आले. प्रोग्राम भरणारे आणि दोष शोधणारे एसटी-लिंक हे साधन बोर्डावरच बसवण्याची पद्धत कंपनीच्या डिस्कव्हरी बोर्डांवर आधीपासून होती. न्यूक्लिओने तिला आर्डुइनो उनोच्या मांडणीच्या जोडपट्ट्यांची जोड दिली. त्यामुळे आर्डुइनोसाठी बनवलेली अनेक पूरक बोर्डे, म्हणजेच शील्ड, यावर बसतात. बसतात याचा अर्थ ती सर्व निर्धोकपणे चालतात असा नव्हे. त्याचे कारण पुढे येते.

पुढील वर्णन एमबी११३६ या मूळ बोर्डाचे आहे. एफ१०३आरबी, एफ४०१आरई, एफ४११आरई, एल४७६आरजी इत्यादी अनेक प्रकार याच बोर्डावर बनतात आणि त्यांत प्रामुख्याने मुख्य चिप तेवढी बदलते. उदाहरणार्थ, एफ४०१आरई प्रकारातील चिपमध्ये ८४ मेगाहर्ट्झपर्यंत चालणारा कॉर्टेक्स-एम४ गाभा, ५१२ किलोबाइट फ्लॅश स्मृती आणि ९६ किलोबाइट रॅम असते. नंतर आलेल्या काही बोर्डांवर जंपरांची नावे व जागा वेगळ्या आहेत, म्हणून बोर्डाच्या पाठीवरील क्रमांक पाहूनच पुढील माहिती लागू करावी.

रचना

बोर्डाचे दोन भाग असतात. यूएसबी मिनी-बी जोडणी असलेला वरचा लहान भाग एसटी-लिंकचा, तर खालचा मोठा भाग मुख्य मायक्रोकंट्रोलरचा असतो. दोहोंमधील खाचांवरून बोर्ड तोडून वेगळाही करता येतो. एसटी-लिंक हा स्वतःच एक वेगळा मायक्रोकंट्रोलर आहे ही गोष्ट ध्यानात ठेवल्यास बोर्डाचे बरेचसे वर्तन उलगडते. केबल जोडताच प्रथम जागा होतो तो एसटी-लिंक. मुख्य चिपला वीज द्यायची की नाही, हे त्यानंतर ठरते.

बोर्डावर तीन दिवे असतात. एलडी१ हा एसटी-लिंकचा बहुरंगी दिवा, एलडी२ हा प्रोग्रामकर्त्याच्या हाती असलेला हिरवा दिवा आणि एलडी३ हा मुख्य भागास वीज मिळाल्याचे दर्शवणारा लाल दिवा. एलडी२ बहुतेक प्रकारांत पीए५ या पिनेस जोडलेला असतो. एफ३०२आर८ प्रकारात मात्र तो पीबी१३ या पिनेवर आहे. दुसऱ्या बोर्डासाठी लिहिलेला दिवा लुकलुकवण्याचा प्रोग्राम त्यावर निमूटपणे चालतो आणि दिवा काही लागत नाही. निळे बटण वापरकर्त्यासाठी, तर काळे रीसेटसाठी असते.

दोन्ही बाजूंस असलेल्या मॉर्फो जोडपट्ट्यांवर चिपच्या जवळजवळ सर्व पिना बाहेर काढलेल्या असतात. या पट्ट्यांची टोके बोर्डाच्या खालच्या बाजूसही उघडी असल्याने चालू बोर्ड धातूच्या पृष्ठावर ठेवल्यास शॉर्टसर्किट होते. लाकडी वा प्लास्टिकचे टेबल पुरेसे असते.

यूएसबीवरून वीजपुरवठा

जेपी५ हा जंपर वीज कोठून घ्यायची ते ठरवतो. तो १ आणि २ या पिनांवर, म्हणजे यू५व्ही बाजूस असल्यास वीज यूएसबीवरून येते. २ आणि ३ या पिनांवर, म्हणजे ई५व्ही बाजूस असल्यास ती बाहेरील स्रोतातून येते. नव्या बोर्डावर तो यू५व्ही बाजूस असतो.

यूएसबी २.० च्या नियमांनुसार नव्याने जोडलेल्या उपकरणाने संगणकाची परवानगी मिळेपर्यंत १०० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह घेऊ नये अशी अपेक्षा असते. उपकरण आपली ओळख देते, आपली गरज सांगते आणि संगणक ती मान्य वा अमान्य करतो. या देवघेवीस एन्युमरेशन म्हणतात. न्यूक्लिओ-६४ यात ३०० मिलिअँपिअरची मागणी करतो. मागणी मान्य झाली की एसटी-लिंक आतील स्विच चालू करतो, मुख्य चिपला वीज मिळते आणि एलडी३ उजळतो. मान्य न झाल्यास मुख्य चिप विजेविना राहते आणि एलडी३ विझलेलाच असतो.

नवा बोर्ड ‘मेलेला’ वाटण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. बोर्ड मोबाइलच्या चार्जरला जोडल्यास समोर संगणकच नसल्याने एन्युमरेशन होत नाही आणि एलडी३ कधीच लागत नाही. केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या, माहितीच्या तारा नसलेल्या केबलनेही हेच घडते. अशा वेळी एलडी१ संथपणे लाल लुकलुकत राहतो: एसटी-लिंक जागा आहे, पण त्याचे संगणकाशी बोलणे झालेले नाही, असा त्याचा अर्थ. एन्युमरेशन झाल्यावर तो वेगाने लुकलुकतो आणि प्रारंभिक देवघेव पूर्ण झाली की स्थिर लाल होतो. मुख्य चिपशी संपर्क साधला गेल्यावर तो हिरवा होतो. नारिंगी रंग संपर्क फसल्याचे सांगतो. बोर्ड बदलून घेण्याचा विचार करण्यापूर्वी केबल बदलून पाहावी.

जेपी१ हा जंपर नव्या बोर्डावर लावलेला नसतो. तो लावल्यास बोर्ड ३०० ऐवजी १०० मिलिअँपिअरचीच मागणी करतो. त्यामुळे कमी वीज देणाऱ्या पोर्टवरही बोर्ड सुरू होतो; मात्र शील्ड धरून एकूण वापर १०० मिलिअँपिअरच्या आत ठेवण्याची जबाबदारी वापरकर्त्यावर येते. बोर्ड चार्जरवरच चालवायचा असल्यासही जेपी१ लावावा लागतो.

बाहेरील वीजपुरवठा

बोर्ड आणि त्यास जोडलेली साधने मिळून ३०० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह घेणार असतील, तर बाहेरील स्रोत अनिवार्य ठरतो. त्यासाठी व्हीआयएन आणि ई५व्ही अशा दोन वाटा आहेत. ई५व्ही या पिनेस ४.७५ ते ५.२५ व्होल्ट इतका आधीच नियंत्रित केलेला दाब द्यावा लागतो आणि तेथून ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेता येतो. आर्डुइनो पट्टीवरील ५ व्होल्टची पिन मात्र शील्डला वीज पुरवण्यासाठी आहे. बाहेरील ५ व्होल्ट तेथे न देता ई५व्ही पिनेसच द्यावेत.

व्हीआयएन पिनेस ७ ते १२ व्होल्ट चालतात. येथील मर्यादा प्रथमदर्शनी उलटी वाटते: ७ व्होल्ट दिल्यास ८०० मिलिअँपिअर, ९ व्होल्टपर्यंत ४५० मिलिअँपिअर, तर १२ व्होल्टपर्यंत केवळ २५० मिलिअँपिअर प्रवाह घेता येतो. दाब अधिक, तर प्रवाह कमी. याचे कारण बोर्डावरील ५ व्होल्टचा रेग्युलेटर रेषीय प्रकारचा आहे. असा रेग्युलेटर जादा दाब उष्णतेच्या रूपात घालवतो. १२ व्होल्टमधून ५ वजा जाता उरलेले ७ व्होल्ट आणि ०.२५ अँपिअर यांचा गुणाकार १.७५ वॅट होतो. ९ व्होल्टला ४ गुणिले ०.४५ म्हणजे १.८ वॅट, आणि ७ व्होल्टला २ गुणिले ०.८ म्हणजे १.६ वॅट. तिन्ही मर्यादांमागे त्या लहानशा रेग्युलेटरला सोसवेल इतकी उष्णता हीच एक गोष्ट आहे. हाताशी १२ व्होल्टचा अडॅप्टर आहे म्हणून तोच वापरणे त्यामुळे फारसे शहाणपणाचे नसते. ७ वा ९ व्होल्टचा स्रोत त्याच कामात बोर्डास पुष्कळ थंड ठेवतो.

बाहेरील वीज वापरून संगणकाशीही जोडायचे असल्यास क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम जेपी५ ई५व्ही बाजूस न्यावा आणि जेपी१ काढलेला आहे याची खात्री करावी. नंतर बाहेरील स्रोत जोडून चालू करावा आणि एलडी३ लागल्याचे पाहावे. यूएसबी केबल त्यानंतरच लावावी. हा क्रम उलटल्यास बोर्ड आधी यूएसबीवरून वीज ओढू लागण्याची शक्यता असते. गरज ३०० मिलिअँपिअरहून अधिक असेल, तर संगणकाचे पोर्ट एक तर प्रवाह रोखते आणि बोर्डास अपुरी वीज मिळते, किंवा पोर्टालाच इजा पोहोचते. या चुकीत बोर्डापेक्षा कितीतरी महाग असलेला संगणक पणाला लागतो.

सर्व्हो वा लहान मोटारी बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनेवरून चालवण्याचा मोह टाळावा. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह घेते, दाब क्षणभर खचतो आणि मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो. दोष मात्र प्रोग्राममध्ये शोधला जातो. मोटारीस वेगळा स्रोत द्यावा आणि दोन्ही स्रोतांची ग्राउंड तार एकत्र जोडावी. ही तार विसरल्यास नियंत्रण संकेताला संदर्भच उरत नाही.

३.३ व्होल्ट थेट देणे

बोर्डाच्या ३.३ व्होल्ट पिनेस ३ ते ३.६ व्होल्ट थेट देता येतात. बॅटरीवर चालणाऱ्या प्रयोगांत ही वाट सोयीची असते, परंतु तीत एसटी-लिंकला वीज मिळत नाही, म्हणून प्रोग्राम भरता येत नाही. एसटी-लिंकचा भाग तोडलेला नसल्यास एसबी२ आणि एसबी१२ हे सोल्डर ब्रिज उघडावे लागतात. पहिला बोर्डावरील ३.३ व्होल्टच्या रेग्युलेटरला, तर दुसरा एसटी-लिंककडून येणाऱ्या रीसेट तारेला वेगळे करतो.

येथे आणखी एक अडचण लपलेली असते. बोर्डावर मुख्य चिपसाठी उच्च वारंवारतेचा स्फटिक बसवलेला नसतो. ८ मेगाहर्ट्झचा घड्याळ-संकेत एसटी-लिंककडून येतो. एसटी-लिंक बंद तर हा संकेतही बंद. बाह्य घड्याळाची वाट पाहणारा प्रोग्राम टेबलावर सुरळीत चालतो आणि बॅटरीवर सुरूच होत नाही. अशा वापरासाठी चिपच्या आतील घड्याळ निवडावे (एफ४०१ मध्ये ते १६ मेगाहर्ट्झचे असते) किंवा रिकाम्या जागी स्फटिक बसवावा.

जोडणीतील दाब

आर्डुइनो उनोच्या पिना ५ व्होल्टवर, तर न्यूक्लिओच्या ३.३ व्होल्टवर काम करतात. जोडपट्टीची मांडणी सारखी असल्याने हा फरक डोळ्यांना दिसत नाही. एसटीएम३२ च्या अनेक पिना ५ व्होल्टचा अंकीय संकेत सहन करतात, पण सर्व नव्हे. जी पिन सहन करते तीही अनुरूप मापनाच्या अवस्थेत असताना ते संरक्षण गमावते. शिवाय ही सहनशक्ती चिपला मिळणाऱ्या विजेवर अवलंबून असते. एफ४०१ मध्ये अशा पिनेवरील कमाल दाब पुरवठ्याहून ४ व्होल्ट अधिक इतकाच असू शकतो; म्हणजे बोर्ड बंद असताना शील्ड ५ व्होल्टचा संकेत देत राहिल्यास ती मर्यादा ओलांडली जाते. वेगळा स्रोत असलेली साधने म्हणून बोर्डाच्या नंतर चालू आणि आधी बंद करावीत. ५ व्होल्टचा संकेत देणाऱ्या अल्ट्रासॉनिक अंतरमापकासारख्या साधनासाठी १ आणि २ किलोओहमच्या दोन रोधकांचा विभाजक पुरतो. त्याने ५ व्होल्टचे सुमारे ३.३ व्होल्ट होतात.

पहिला वापर आणि नेहमीचे दोष

संगणकास बोर्ड एकाच वेळी साठवण-ड्राइव्ह, आभासी सीरियल पोर्ट आणि दोषशोधक असा दिसतो. तयार बायनरी फाइल ड्राइव्हवर टाकली तरी ती फ्लॅशमध्ये भरली जाते. सीरियल पोर्ट पीए२ आणि पीए३ या पिनांना जोडलेले असते, आणि त्यामुळेच आर्डुइनो पट्टीवरील डी० व डी१ या पिना मूळ स्थितीत चिपपासून तुटलेल्या असतात. त्यांवर सीरियल संपर्क अपेक्षिणारे शील्ड सोल्डर ब्रिज बदलल्याशिवाय चालत नाही.

एलडी३ उजळलेला असूनही चिप सापडत नसल्यास जेपी६ पाहावा. चिपचा प्रवाह मोजण्यासाठी हा जंपर काढून तेथे अँमीटर जोडतात. मापन झाल्यावर तो परत लावायचा राहिल्यास चिपला वीज मिळत नाही, लाल दिवा मात्र लागतो. मायक्रोअँपिअरच्या मापनपट्टीत मीटरचा स्वतःचा रोध मोठा असतो, त्यामुळे झोपेतून जागी होणारी चिप दाब खचून रीसेट होऊ शकते. सीएन२ वरील दोन्ही जंपर काढलेले असतील, तर एसटी-लिंक बाहेरील बोर्डाकडे वळलेला असतो आणि याच बोर्डावरील चिप त्यास दिसत नाही.

जंपर जागेवर असूनही संपर्क होत नसेल, तर बहुधा आधीच भरलेल्या प्रोग्रामने पीए१३ आणि पीए१४ या दोषशोधनाच्या पिना दुसऱ्या कामाला लावलेल्या असतात किंवा चिप गाढ निद्रावस्थेत गेलेली असते. प्रोग्रामरमध्ये रीसेट दाबून धरून जोडण्याचा पर्याय निवडल्यास, किंवा बूट० पिन शेजारच्या व्हीडीडी पिनेस जोडून बोर्ड पुन्हा सुरू केल्यास, तो प्रोग्राम चालू होण्यापूर्वीच फ्लॅश पुसता येते.