नापासानंतरचा अभ्यास – भाग ३ : आधी गुणपत्रिका वाचा

सीए फायनलचा निकाल लागला की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘किती मार्कांनी गेलं?’ आणि लगेच दुसरा, ‘मग पुढचा अटेम्प्ट कधी?’ या दोन प्रश्नांच्या मधे एक काम असतं आणि बहुतेक जण ते करतच नाहीत. मागच्या भागात निकालानंतरच्या पहिल्या पंधरवड्याबद्दल बोललो. आज गुणपत्रिका आणि उत्तरपत्रिका समोर घेऊन बसू. पुस्तकं तूर्त कपाटातच राहू द्या.

नियम सगळ्यांना पाठ असतो. ग्रुपमध्ये १०० गुणांचे तीन पेपर, प्रत्येकात किमान ४० आणि ग्रुपची बेरीज किमान १५०. आता समजा, पहिल्या ग्रुपमध्ये फायनान्शियल रिपोर्टिंगला ६२, फायनान्शियल मॅनेजमेंटला ३८ आणि ऑडिटला ४७ पडले. बेरीज १४७. म्हणजे एका पेपरात दोन गुण कमी आणि बेरजेत तीन. ‘थोडक्यात गेलं’ म्हणून हळहळायला हे आकडे फार सोयीचे, पण त्यांच्याकडे उलट्या बाजूने बघा. ६० किंवा त्याहून जास्त गुण मिळाले की त्या पेपरात एक्झम्प्शन मिळतं आणि ते ६२ पुढच्या वेळी बेरजेत धरले जातात. मग उरलेल्या दोन पेपरांत मिळून लागतात फक्त ८८.

यातला कोणता पेपर धोक्याचा? सगळे ३८ कडे बोट दाखवतात. मला ४७ ची जास्त धास्ती वाटते. फायनान्शियल मॅनेजमेंट गणिताचा पेपर आहे. डेरिव्हेटिव्ह, फॉरेक्स, पोर्टफोलिओची उदाहरणं हाताने सोडवली की गुण वाढतात, आणि वाढले की दिसतात. ऑडिटचे ४७ मात्र ‘जमलंय बऱ्यापैकी’ या समजुतीवर तसेच पडून राहतात आणि पुढच्या वेळी ४१ वर येतात.

एक्झम्प्शनचंही एक घड्याळ असतं. ते पुढच्या तीन अटेम्प्टपुरतं चालतं. फायनल मे आणि नोव्हेंबरमध्ये व्हायची तेव्हा तीन अटेम्प्ट म्हणजे दीड वर्ष होतं. २०२५ पासून परीक्षा वर्षातून तीनदा झाली आणि तेच तीन अटेम्प्ट एका वर्षात संपू लागले. ‘आता वरचेवर संधी मिळते, एखादी सोडली तर काय बिघडतं’ असं म्हणणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा. मुदत संपल्यावर एक्झम्प्शन कायमचं करून घेण्याची सोय नव्या योजनेत आहे, पण मग त्या ग्रुपच्या उरलेल्या प्रत्येक पेपरात ५० लागतात. एका पेपरच्या जोरावर दुसरा तारून नेणं तिथे संपतं.

आता उत्तरपत्रिका. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क माहिती अधिकाराखाली सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला. इन्स्टिट्यूटकडे ठरलेल्या मुदतीत अर्ज केला की प्रत मिळते. पडताळणीचा अर्ज वेगळा. त्यात बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. पुनर्मूल्यांकन होत नाही, तेव्हा गुण वाढतील या आशेने प्रत मागवू नका. ती मागवायची आपलं लिखाण परक्याच्या नजरेने वाचायला.

उदाहरणार्थ ऑडिटचा एक प्रश्न. कंपनीच्या हिशेबात मोठी चूक आहे, व्यवस्थापन दुरुस्ती करायला तयार नाही, आणि चुकीचा परिणाम जवळजवळ सगळ्याच आर्थिक पत्रकांवर पसरलाय. ऑडिटरने काय करावं? नापास झालेल्या मुलाच्या उत्तरात एसए ७०५ चा उतारा दीड पान असतो, तोही बराचसा बरोबर. शेवटी मात्र घाईघाईत एक ओळ : ‘ऑडिटरने क्वालिफाइड ओपिनियन द्यावे.’ इथेच गुण गेले. चूक मोठी आहे पण एका कोपऱ्यापुरती आहे, तर क्वालिफाइड. ती सगळीकडे पसरली असेल, तर ॲडव्हर्स. आणि पुरेसा पुरावाच मिळाला नाही आणि त्याचा परिणामही तसाच सर्वदूर असू शकतो, तर डिस्क्लेमर. प्रश्नातला ‘पसरलाय’ हा तपशील उत्तरात कुठेच आलेला नाही. तरतूद, ती दिलेल्या माहितीला कशी लागू होते, आणि निष्कर्ष, असे तीन भाग परीक्षक शोधत असतो. मधला भाग वगळायची सवय अशा उत्तरपत्रिकांत पानोपानी दिसते, आणि ती पुस्तक आणखी दोनदा वाचून जात नाही. इन्स्टिट्यूटचे सजेस्टेड ॲन्सर शेजारी ठेवायचे आणि आपलं उत्तर लाल पेनाने पुन्हा तपासायचं. हे कंटाळवाणं आहे, मनाला लागणारंही आहे. अभ्यासिकेत बसून हायलायटर फिरवणं त्यापेक्षा कितीतरी सुखाचं!

बहुपर्यायी प्रश्नांचे ३० गुण वेगळे काढून बघा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी तिथे पंधरा-सोळावर थांबणारे लोक उरलेल्या ७० गुणांच्या लेखी भागावर खापर फोडतात.

दुसऱ्या ग्रुपवाल्यांना मात्र जुन्या नोट्सबद्दल वेगळं सांगायला हवं. १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला. तोंडपाठ असलेलं ८०सी आता कलम १२३ झालं, टीडीएसची १९४ ची लांबलचक मालिका बहुतांशी एकट्या कलम ३९३ मध्ये गेली, आणि आधीचं वर्ष व करनिर्धारण वर्ष या जोडीच्या जागी ‘कर वर्ष’ आलं. तत्त्वं बरीचशी तीच आहेत, त्यामुळे ‘आपल्याला येतंय’ असं वाटत राहतं आणि हात जुनाच आकडा लिहून मोकळा होतो. आपल्या अटेम्प्टला कोणता कायदा आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या लागू आहेत, हे इन्स्टिट्यूटच्या सूचनेत स्वतः वाचा. क्लासच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजवर विसंबू नका. मोठ्या भावाच्या किंवा सीनियरच्या नोट्स हौसेने मिळाल्या असतील, तर डायरेक्ट टॅक्सची वही तेवढी परत करा.

पुढच्या आठवड्यात : नोकरी सांभाळून एकच ग्रुप द्यायचा की दोन्ही एकदम, आणि दोन्ही ग्रुपची मिळून बेरीज ३०० झाली तर ती कुणाच्या कामी येते.